आजी विसरते की कोमेजते?

मेंदूचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसापुढे कोरा कागद ठेवतात आणि सांगतात, एक मोठा गोल काढा. त्यात घड्याळाचे आकडे भरा. आता काटे असे दाखवा, की अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

वेळ कुठलीही चालली असती, असं आपल्याला वाटतं. पण अकरा-दहा ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. ‘दहा’ कानावर पडलं, की नजर आणि हात घड्याळावरच्या दहाच्या आकड्याकडे धाव घेतात. धडधाकट मेंदू त्या हाताला जागच्या जागी अडवतो: थांब, दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा दोनवर. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या मेंदूला हे अडवणंच जमेनासं होतं. मग एक काटा अकरावर आणि दुसरा त्याला खेटून, थेट दहावर. कधी बाराही आकडे एकाच अर्ध्यात दाटीवाटीने बसतात, कधी काही आकडे गोलाबाहेर पडतात. आणि पुष्कळदा काढणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटतही नाही. सुई नाही, यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि दोन मिनिटं एवढ्यावर कवटीच्या आत चाललेलं काहीतरी कागदावर उमटतं. मला या चाचणीचं फार कौतुक आहे. पण ती जिथे फसते, ती जागा मला तिच्याहूनही रंजक वाटते.

कारण हाच कागद घेऊन हरयाणातल्या बल्लभगड भागातल्या एखाद्या खेड्यात जा. समोर सत्तरीची आजी. तिने उभ्या जन्मात पेन्सिल धरलेली नाही, घड्याळाकडे बघून कधी स्वयंपाक केलेला नाही. ती घड्याळ काढणार नाही, म्हणून तिची बुद्धी गेली म्हणायचं का? जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची ३० गुणांची परीक्षा १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिच्यात आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात, एक आकृती बघून काढायला सांगतात. चार म्हशी, नऊ माणसं आणि सगळ्या भाऊबंदकीचा हिशोब डोक्यात ठेवणारी बाई या परीक्षेत सपशेल नापास होते आणि शाळेत गेलेला, पण खरोखर विसरू लागलेला तिचा दीर पास होतो.

बल्लभगडला काम करणाऱ्या भारतीय-अमेरिकी संशोधकांच्या गटाने, मेरी गांगुली आणि विजय चंद्रा त्यात होते, ही परीक्षा पहिल्यापासून पुन्हा बांधली. तिची हिंदी आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आत्ता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ? कुठला महिना चाललाय? तुमच्या गावाला पोस्ट ऑफिस कुठलं? वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवा. कागदावर लिहिलेली सूचना वाचण्याऐवजी, माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करते तसंच करा, असं म्हणून विचारणारी बाई डोळे मिटते. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा. मेंदूचं काम तेच तपासलं जातं: वेळेचं भान, जागेचं भान, लक्ष, भाषा. फक्त शाळेचा दरवाजा मधून काढून टाकला. आपल्याकडे साताऱ्याच्या बाजूची एखादी आजी तारीख सांगणार नाही, पण ‘श्रावण सरला, आता गौरी-गणपती आले’ म्हणेल. तिला पैकीच्या पैकी गुण.

मनाचं मोजमाप करायचं तर त्या मनाने आयुष्यभर काय वागवलंय ते आधी ठाऊक असावं लागतं. ही गोष्ट वाचायला सोपी वाटते. पण तिच्यामुळेच आज आपल्याकडे देशाचा आकडा आहे. ‘लासी’ या राष्ट्रीय वृद्धत्व-अभ्यासाच्या एका शाखेत देशभरातल्या साठीपुढच्या ४ हजारांवर लोकांची सविस्तर तपासणी झाली आणि २०२३ साली त्यावरचा निष्कर्ष आला: साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत ती १ कोटी ६९ लाखांवर जातील असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

त्याच ‘लासी’तला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. साठीपुढच्या लोकांना ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारले, तेव्हा ८.३ टक्के जणांमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणं सापडली. ‘डॉक्टरांनी मला डिप्रेशन आहे असं सांगितलंय’ म्हणणारे होते ०.८ टक्के. दहापट फरक. म्हणजे नैराश्य असलेल्या दहांतल्या नऊ जणांच्या त्रासाला कुणी नावच दिलेलं नाही. ही माणसं इस्पितळात नाहीत, वृद्धाश्रमात नाहीत. ती आपल्याच घरात, आपल्याच आळीत, देवळाच्या पायरीवर आणि सोसायटीच्या बाकावर बसलेली आहेत.

आता खरी गुंतागुंत. हे दोन आजार एकमेकांचे मुखवटे घालतात.

एक आजोबा डॉक्टरांसमोर बसले आहेत. आज वार कोणता? ‘नाही सांगता येणार.’ काल रात्री काय जेवलात? ‘माहीत नाही हो. माझं डोकंच चालत नाही आता. सगळं विसरायला होतं.’ प्रश्न विचारला, की हात झटकल्यासारखं उत्तर येतं. स्वतःच्या विसराळूपणाची तक्रार मात्र तपशीलवार: कधीपासून, कुठे कुठे, किती फजिती झाली.

दुसऱ्या आजी. मस्त गप्पा मारतात, साडी नीटनेटकी. आज वार कोणता? ‘अहो, आता या वयात वाराचं काय काम! आम्हाला काय ऑफिसला जायचंय?’ सगळे हसतात. जेवायला काय होतं? ‘नेहमीचंच, पोळी-भाजी.’ आणि एवढं बोलता बोलता मान हळूच शेजारी बसलेल्या यजमानांकडे वळते. प्रत्येक प्रश्नाला ती मान वळते. आठवण आता नवऱ्याकडे ठेवायला दिलेली आहे आणि तिचं तिलाच ते कळत नाही. डॉक्टर या मान वळण्याकडे बारीक लक्ष ठेवून असतात. मेंदूविज्ञानात ती एक नोंद घेण्याजोगी खूण मानली जाते.

पहिल्या आजोबांना स्मृतिभ्रंश असेल आणि दुसऱ्या आजी ठणठणीत असतील, असं घरच्यांना वाटतं. पुष्कळदा उलटं निघतं. आजोबांना नैराश्य असतं, आजींना अल्झायमरची सुरुवात. विसरण्याची तक्रार जो जोरात करतो तो बहुधा विसरत नसतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण विसरलोय हे लक्षात ठेवायलासुद्धा स्मरणशक्ती लागते!

मेंदूत काय घडतं तेही बघण्यासारखं आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत, कानशिलांच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा वळणदार भाग असतो. आज सकाळी काय घडलं ते पक्कं करून ठेवण्याचं काम त्याचं. अल्झायमरचे पहिले घाव बहुतेकदा तिथे आणि त्याच्या शेजारी पडतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं, पण तासाभरापूर्वीचा चहा आठवत नाही. नैराश्यात गोष्ट वेगळी. मन आतल्या आत एकाच जागी गरगरत असतं, बाहेरच्या गोष्टींकडे लक्ष जात नाही, झोप तुटते आणि आठवण शोधून काढण्याचा उत्साहच राहत नाही. म्हणून डॉक्टर एक साधी युक्ती करतात. तीन शब्द सांगतात, समजा आंबा, खुर्ची, नाणं. पाच मिनिटांनी विचारतात. दोघंही गप्प. मग डॉक्टर हळूच इशारा देतात, ‘एक फळ होतं बघा.’ नैराश्यातला माणूस थोडा थांबून म्हणतो, ‘हां, आंबा.’ आठवण आत होती, पोचायचं बळ नव्हतं. अल्झायमरच्या माणसाला इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. तो म्हणेल, ‘सफरचंद?’ किंवा ‘तुम्ही कुठले शब्द सांगितलेत मला?’

एकट्या या युक्तीवर निदान करत नाहीत, हे सांगायला हवं. पण तिच्यातून दोन विसरण्यांमधला फरक जितका लख्ख दिसतो तितका मोठ्या पुस्तकातही दिसत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली किलोह यांनी १९६१ साली अशा रुग्णांवर एक लेख लिहिला. स्मृतिभ्रंश म्हणून सोडून दिलेली, आणि नैराश्यावरच्या उपचारांनंतर पुन्हा हिशोब करू लागलेली, नावं सांगू लागलेली माणसं त्यात होती. त्यानंतर बरीच वर्षं या अवस्थेला खोटा स्मृतिभ्रंश म्हणायची पद्धत पडली. आधी कुणाच्या आशेवर पाणी पडलेलं आणि मग माणूस परत मिळालेला! वैद्यकशास्त्रात असे क्षण फार थोडे.

पण निसर्ग इतका सरळ नसतो. अशा बऱ्या झालेल्यांचा पुढे काही वर्षं माग काढला, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कालांतराने खरा स्मृतिभ्रंश झालेला दिसला. नुसतं नैराश्य असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जणांना. मग प्रश्न उभा राहिला: नैराश्य हे कारण, की आगाऊ निरोप? लंडनच्या सरकारी नोकरांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या ‘व्हाइटहॉल’ संशोधनाने याचं चक्रावून टाकणारं उत्तर दिलं. दहा हजारांवर माणसं, २८ वर्षांची नोंद. ज्यांना शेवटी स्मृतिभ्रंश झाला त्यांची नोंदवही उलटी वाचत गेल्यावर दिसलं, की निदानाच्या सुमारे ११ वर्षं आधीपासून त्यांच्यात नैराश्याची लक्षणं इतरांपेक्षा वाढू लागली होती. त्याच्याही मागे, मध्यमवयात, तसा फरक नव्हता. विसरणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी मन मलूल झालेलं. मेंदूतलं अमायलॉइड नावाचं प्रथिन लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतं, हे आता माहीत आहे. तेव्हा ११ वर्षांचा हा आकडा अगदीच आकाशातून पडलेला नाही. म्हणून साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य डॉक्टर दोनदा बघतात. आजच्या दुःखासाठी एकदा आणि पुढच्या वर्षांसाठी एकदा. दुसऱ्या बाजूने, नैराश्य स्वतःही धोका वाढवतं असं मानायला जागा आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत नैराश्य आहे, एकटेपणा आहे, कमी शिक्षण आहे, बहिरेपणा आहे, धूम्रपान आणि रक्तदाब तर आहेतच. ही चौदाही दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशोब.

मुखवटे आणखीही आहेत, पण ते भराभर सांगतो. चांगला बोलणारा माणूस दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, रात्री भिंतीवर माणसं दिसू लागली, तर ते बहुधा दोन्हींतलं काहीच नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा आपल्या घराघरांत आता सगळ्यांना पाठ झालेलं ‘सोडियम कमी झालं’. ही तातडीची बाब, त्याच दिवशी दवाखाना गाठायची. हळूहळू मंदावत जाणाऱ्या माणसाचं थायरॉइड आणि बी-१२ तपासावं. शाकाहारी घरांत, वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडण्याची शक्यता जास्त. आणि कान! ज्याला ऐकूच आलं नाही तो विसरला असं आपण ठरवून मोकळे होतो. आजोबा गप्प बसू लागले, मागच्या खोलीत जाऊन बसू लागले, की ‘म्हातारचळ’ म्हणण्याआधी कानात मळ आहे का ते तरी बघावं.

म्हातारपणच म्हणून सोडून देणं हा काही फक्त अडाणी खेड्याचा दोष नाही, हेही इतिहासात दिसतं. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत ज्या बाईच्या मेंदूची हकीकत मांडली, ती ऑगुस्टे डेटर फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. तरुण वयात आला म्हणूनच तो आजार ठरला, आणि १९१० साली त्याला अल्झायमरचं नाव मिळालं. सत्तरीच्या माणसाच्या मेंदूतही तसेच डाग, तशाच गाठी सापडत. पण ते ‘वयाप्रमाणे’ म्हणून बाजूला ठेवले जात. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली ठणकावून लिहिलं, की दोन्ही एकच आजार आहेत आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं जर्मन आणि अमेरिकी विद्वानांनीसुद्धा सत्तर वर्षं सोडलं नव्हतं!

डाग आणि आजार यांचं नातंही सरळ नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली एका ख्रिस्ती संघातल्या धर्मभगिनींचा अभ्यास सुरू केला. ६७८ जणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला द्यायचं कबूल केलं. त्यांतल्या एक सिस्टर मेरी. १०१ व्या वर्षीसुद्धा स्मरणशक्तीच्या परीक्षेत उत्तम गुण. त्या गेल्यावर मेंदू उघडला तर अल्झायमरच्या खुणांनी भरलेला. आजार आत होता, माणूस मात्र आजारी नव्हता! संशोधक याला मेंदूची राखीव शक्ती म्हणतात. जुन्या पेठेत वाढलेल्या माणसासारखं ते आहे: हमरस्ता खणून ठेवला तरी त्याला बोळातून, वाड्याच्या मागच्या दाराने कुठेही पोचता येतं. शिक्षण, भाषा, कामातली गुंतागुंत आणि माणसांत वावर यांनी असे बोळ वाढतात असं मानतात. अभ्यासांत ही शक्ती बहुतेकदा शाळेच्या वर्षांवरून मोजतात, आणि इथे माझं थोडं भांडण आहे. शेकडो ओव्या तोंडपाठ असणारी, वीस माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज डोळ्यांनी घेणारी बाई त्या मोजणीत शून्य वर्षांची विद्यार्थिनी ठरते.

या साऱ्या अभ्यासांत मला सर्वांत हलवून गेलेला प्रयोग मात्र आयोवा विद्यापीठातला आहे. २०१४ साली तिथल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना सिनेमांतले दुःखी प्रसंग दाखवले, नंतर आनंदी प्रसंग. थोड्याच वेळात विचारलं, काय पाहिलंत? बहुतेकांना फारसं काही सांगता आलं नाही, एकाला तर आपण सिनेमा पाहिला हेही आठवेना. पण दुःखी प्रसंगांनंतर मन अजून जड होतं. अर्ध्या तासानेही जड होतं. ज्यांना कमी आठवत होतं त्यांच्यात दुःख जास्त वेळ टिकलं. कारण गेलं, भावना राहिली! घटना पक्की करणारा भाग आणि भावनेचा भाग मेंदूत वेगवेगळे आहेत, आणि भावना जास्त चिवट ठरते. आईला भेटून आलो, तासाभरात ती विसरणार, मग जाऊन काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. भेट विसरली जाते, भेटीचा गोडवा उरतो. खेकसणंही विसरलं जातं आणि त्याची धास्ती उरते. दुपारभर आई उगाचच भेदरलेली का, असं मग घरचे विचारतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. तिला ना त्यांचं नाव माहीत, ना विद्वत्ता. त्या जोडीनेच पुढे ‘कासव’ केला, तो नैराश्यावर. दोन्ही चित्रपटांत सावरणारा माणूस परका आहे, हे मला फार नेमकं वाटतं. कारण खऱ्या आयुष्यात या दुखण्यांवर सगळ्यांत चांगला म्हणावा असा प्रयोग परक्या माणसांनीच केला, आणि तो आपल्या शेजारी, गोव्यात.

स्मृतिभ्रंशाचे दोनतृतीयांश रुग्ण गरीब आणि मध्यम देशांत होते, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन जेमतेम दहा टक्के होतं. ही विषमता नावातच घेऊन ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा संशोधकांचा गट १९९८ साली कोचीनच्या परिषदेत जन्माला आला. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांना दोन म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, एकीत स्मृतिभ्रंश आणि दुसरीत नैराश्य. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांनी दोन्ही ओळखले. हो, असे लोक आहेत की आमच्याकडे! पण आजार म्हणून नव्हे. एक वयाचा भाग, दुसरा मुलं विचारत नाहीत म्हणून. त्यामुळे डॉक्टरकडे कुणी न्यायचं नाही, आणि डॉक्टर म्हणायचे, आमच्याकडे असे रुग्ण येतच नाहीत.

मग संशोधकांनी डॉक्टरांची वाट बघणं सोडलं. भारतात लाख लोकांमागे एकसुद्धा पुरा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, तेव्हा वाट बघून होणार तरी काय? अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना थोडक्यात प्रशिक्षण दिलं आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या घरी पाठवलं. आजाराची साध्या भाषेत माहिती, आंघोळीला नकार आला तर काय करायचं, रात्री उठून दाराकडे जाणाऱ्याला कसं वळवायचं, सुनेला चार तास मोकळीक द्यायला कोण नातेवाईक येऊ शकेल, सरकारी योजनेचा अर्ज कुठे करायचा. गरज पडली तरच डॉक्टर. ८१ कुटुंबांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. रुग्णाचा आजार अर्थातच मागे गेला नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं. ही बाब आपण नेहमी विसरतो. एका खोलीत स्मृतिभ्रंश असला, की शेजारच्या खोलीत नैराश्य तयार होत असतं, आणि ते बहुतेकदा सुनेचं, मुलीचं किंवा सत्तरीच्या बायकोचं असतं.

दुसरा प्रयोग त्याहून धाडसी. नैराश्य यायच्या आधीच त्याला अडवायचं. साठीपुढची १८१ माणसं, मन जरा खचलेलं, पण पुरतं नैराश्य नाही. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते गेले, काही बैठका, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. बैठकीत मनाची खोल उकल वगैरे काही नाही. गुडघा दुखतो म्हणून चर्चला जाणं बंद झालंय, त्यावर काय करता येईल? झोप येत नाही, तर दुपारी किती वेळ पडता? मधुमेहाची गोळी वेळेवर घेता का? पेन्शनचा कागद अडलाय, तो कुणाकडे न्यायचा? एक अडचण घ्यायची, तिचे तुकडे करायचे, एक तुकडा या आठवड्यात. वर्षभराने पाहिलं, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात १४.४ टक्के जणांना गंभीर नैराश्य आलं होतं. दुसऱ्या गटात ४.४ टक्के. २०१९ साली हे निष्कर्ष अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. औषधाच्या एखाद्या कंपनीला असा आकडा मिळाला असता तर तिने शहरभर फलक लावले असते!

याचं मर्म मला असं वाटतं: हे दोन्ही आजार इस्पितळात कमी आणि घरात जास्त दिसतात, आणि ते ओळखणारं सर्वांत संवेदनशील यंत्र म्हणजे रोजचा सहवास. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म यांनी १९८९ साली बनवलेली एक प्रश्नावली तर रुग्णाला काही विचारतच नाही. ओळखीच्या माणसाला विचारते, की दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज हे कसे आहेत? पैशाचे व्यवहार, नवं यंत्र शिकणं, घरातल्या वस्तूंच्या जागा. माणूस शिकलेला असो वा नसो, तुलना त्याची त्याच्याशीच. न्यू जर्सीतल्या मुलाला रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई छान दिसते, कारण ‘कसा आहेस, जेवलास का, नातवंडं काय म्हणतात’ हे आजारी मेंदूलाही बराच काळ जमतं. वरणाला दोनदा मीठ पडतंय, वाण्याला तिसऱ्यांदा पैसे दिले गेलेत, हे कामाला येणाऱ्या मावशींना माहीत असतं. तिकडून फोन करणाऱ्यांनी पुढच्या वेळी पाच मिनिटं मावशींशीही बोलावं.

आणि घरात कुणी ‘आता देवाने उचलावं एकदा’ असं वारंवार म्हणू लागलं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय संपवू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, जगणं नको वाटतंय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने तपासलेलं आहे. उतारवयातलं नैराश्य उपचारांनी बरं होतं, सत्तरीतही आणि ऐंशीतही. टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्हींना पैसे पडत नाहीत.